आयटीत शिरायचंय पण अनुभव नाही? पहिल्या दीड-दोन वर्षांचा प्लॅन असा करा

जॉबच्या जाहिराती बघायला लागलं की पहिला धक्का हाच बसतो, पोस्ट लिहिलेली असते फ्रेशर लेव्हलची आणि खाली मागितलेला असतो एक ते दोन वर्षांचा अनुभव. मग नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, या चक्रात माणूस सहा-सहा महिने अडकतो, त्या काळात चार कोर्स अर्धवट करतो, आणि शेवटी वाटायला लागतं की आपल्याला हे जमणारच नाही. मीही यातून गेलेय, नंतर सपोर्टमध्ये काम करत वर आले आणि आता नवीन मुलामुलींचे इंटरव्ह्यू घ्यायला बसते, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकते की समोरच्याला "एक वर्षाचा अनुभव" हवा असतो म्हणजे नेमकं काय हवं असतं. त्याला हे बघायचं असतं की या माणसाच्या हातात बिघडलेली गोष्ट दिली तर हा घाबरून बसेल, की शांतपणे शोधत जाईल आणि काय केलं ते नीट सांगू शकेल. एवढं तुम्ही नोकरीआधीही दाखवू शकता, फक्त त्याचा पुरावा लिहून ठेवलेला पाहिजे. खाली जे काही सांगतेय ते सगळं या पुराव्याभोवतीच आहे.

आधी दिशा, पण घाईने नाही

आयटी म्हणजे एकच काम नाही. सपोर्ट आणि हेल्प डेस्क, नेटवर्क, सर्व्हर आणि क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) सांभाळणारे, डेव्हलपमेंट, टेस्टिंग, डेटा, सिक्युरिटी, प्रत्येकाचा दिवस वेगळा असतो. डेव्हलपर दिवसभर कोड वाचतो (हो, लिहितो कमी, वाचतो जास्त), सपोर्टवाला दिवसभर माणसांशी बोलतो, नेटवर्कवाल्याचं मोठं काम कधीकधी रात्री असतं कारण दिवसा कुणाचं कनेक्शन तोडता येत नाही, टेस्टरला एकच स्क्रीन पन्नास वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने वापरून बघायची चिकाटी लागते. पगाराचे आकडे बघून दिशा ठरवू नका, यातला कुठला दिवस आपल्याला रोज जगता येईल ते बघा.

ठरवायचं कसं, तर प्रत्यक्ष करून. दोन-तीन गोष्टी निवडा आणि प्रत्येकीला दोन आठवडे द्या. एक छोटी वेबसाइट स्वतः लिहा, मग एक लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हर उभा करा, मग एखादा मोकळा उपलब्ध असलेला डेटा घेऊन एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) त्याला दहा प्रश्न विचारा. ज्या कामात अडकल्यावर तुम्ही जेवायचं विसरलात तिकडे जा, आणि ज्यात अडकल्यावर लगेच मोबाईल हातात घेतलात ते सध्या सोडून द्या. याहून चांगली चाचणी मला तरी सापडलेली नाही.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. सध्या बरेच जण थेट सायबर सिक्युरिटीत जायचं म्हणतात. जा की, पण हे लक्षात घ्या की ज्याला नेटवर्क कसं चालतं, लॉगिन कसं होतं, सर्व्हरचे लॉग (काय घडलं त्याच्या नोंदी) कुठे असतात हेच माहीत नाही, त्याला त्यातलं चुकीचं काय आहे हे दिसणार कसं? सिक्युरिटीतले बरेच चांगले लोक आधी सपोर्ट, नेटवर्क किंवा सर्व्हरचं काम करून आलेले असतात. तेव्हा पहिली नोकरी हेल्प डेस्कची मिळाली तर तोंड पाडू नका, तोच तुमचा रस्ता असू शकतो.

पाया: थोडंच, पण घट्ट

दिशा कुठलीही घ्या, काही गोष्टी सगळ्यांनाच लागतात. विंडोज आणि लिनक्स या दोन्हीत हात बसलेला असणं, कमांड लाइनची (टाइप करून मशीनला आज्ञा देण्याची) भीती गेलेली असणं, नेटवर्कची मूळ कल्पना, थोडं एसक्यूएल, आणि पायथॉन किंवा पॉवरशेलसारखी एक स्क्रिप्टची (छोटी कामं आपोआप करून घेण्याची) भाषा. शिवाय गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन. गिट २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) कामासाठी बनवलं आणि आता डेव्हलपर असो की क्लाउडवाला, जवळजवळ सगळीकडे तेच आहे, त्यामुळे ते "नंतर बघू" मध्ये ढकलू नका.

नेटवर्कमध्ये लोक ओएसआयचे (नेटवर्कचं काम थरांमध्ये मांडणारं मॉडेल) सात लेयर पाठ करतात आणि तिथेच थांबतात. पाठ करा, इंटरव्ह्यूत विचारतात, पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: ब्राउजरमध्ये पत्ता टाइप करून एंटर दाबलं की पान दिसेपर्यंत काय काय होतं? मोठ्याने बोलून दाखवा, कुणी ऐकायला नसेल तर रेकॉर्ड करा. मशीनला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कुठून मिळाला, तर बहुतेक वेळा डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून. नावाचा आयपी कुणी शोधून दिला, तर डीएनएसने, पोर्ट ५३ वर (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या त्या त्या सेवेच्या दाराचा नंबर). मग ४४३ पोर्टवर कनेक्शन झालं, सर्टिफिकेट तपासलं गेलं, मग विनंती गेली, सर्व्हरने उत्तर दिलं, ब्राउजरने पान रंगवलं. पहिल्या वेळी तुम्ही दोन वाक्यांत संपवाल. महिनाभराने तेच दहा मिनिटं बोलाल, आणि तेव्हा समजा की पाया झाला. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड लाइनने शिरण्याची सोय) २२, रिमोट डेस्कटॉप ३३८९, साधं एचटीटीपी ८०, एवढे पोर्ट तर वापरता वापरताच डोक्यात बसतात, पाठ करायला नकोत.

शिकायला कुठे जायचं हा प्रश्न खरं तर मोठा नाही. हार्वर्डचा सीएस५० कोर्स फुकट बघता येतो, फ्रीकोडकॅम्प फुकट आहे, सिस्कोचं पॅकेट ट्रेसर त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडून फुकट मिळतं आणि त्यात राउटर-स्विच विकत न घेता नेटवर्क बांधता येतं. मोठा प्रश्न आहे एक धरून ठेवण्याचा. एका विषयाला एकच कोर्स, तो संपेपर्यंत दुसरा उघडायचा नाही, आणि व्हिडिओत माणूस जे टाइप करतो ते थांबवून स्वतः टाइप करायचं. नुसतं बघून सगळं समजल्यासारखं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी रिकाम्या स्क्रीनसमोर बसलात की हात चालत नाहीत.

घरातली लॅब

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर. लॅब म्हणजे महागडी मशीनं नाहीत, आहे त्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, ते फुकट आहे आणि एकाच लॅपटॉपच्या आत वेगळी मशीनं चालवू देतं. आठ जीबी रॅम असेल तर एका वेळी एक-दोन छोटी मशीन चालतील, सोळा असेल तर निवांत.

पहिलं मशीन उबंटू सर्व्हरचं करा, आणि मुद्दाम ग्राफिकल स्क्रीनशिवायचं. एलटीएस म्हणजे जास्त काळ सपोर्ट असलेली आवृत्ती घ्या, ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. त्यावर एसएसएचने आत शिरा, नवा युजर बनवा, वेब सर्व्हर चढवा, स्वतःचं एक पान दाखवा. दुसरं मशीन विंडोज सर्व्हरचं, मायक्रोसॉफ्ट त्याची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती देतं. त्यावर अॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतले युजर आणि परवानग्या एका जागी सांभाळणारी व्यवस्था) उभी करा, आठ-दहा खोटे युजर बनवा, अकाउंट्स आणि सेल्स असे दोन ग्रुप करा, एका फोल्डरला फक्त अकाउंट्सला परवानगी द्या. मग तिसरं एक विंडोज मशीन त्या डोमेनला, म्हणजे या व्यवस्थेखालच्या नेटवर्कला, जोडा. हे जोडताना पहिल्यांदा बहुतेक जण अडतात, कारण त्या मशीनचा डीएनएस डोमेन कंट्रोलरकडे (अॅक्टिव्ह डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरकडे) वळवायचा राहून गेलेला असतो, आणि ते स्वतः शोधून काढलंत की डोमेन आणि डीएनएसचं नातं आयुष्यात विसरणार नाही.

सगळं चालायला लागलं की आता मोडा. खरंच सांगते, मुद्दाम मोडा. आधी स्नॅपशॉट (मशीनची आहे तशी जपलेली अवस्था, जिथे परत येता येतं) घ्या, मग डीएनएसची सर्व्हिस बंद करा आणि कोणाला काय त्रास होतो ते बघा, डिस्क भरून टाका, युजरचं अकाउंट लॉक करा, फायरवॉलमध्ये एक पोर्ट बंद करा, वेब सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमधला एक कंस उडवा. मित्र असेल तर त्याला मोडायला सांगा आणि तुम्ही शोधा, म्हणजे काय बिघडलंय हे आधीच माहीत नसेल. कोर्समध्ये सगळं नीट चालणारं दाखवतात, नोकरीत मात्र तुमच्याकडे फक्त न चालणारं येतं.

क्लाउड शिकायचा असेल तर खातं उघडल्या उघडल्या आधी मुख्य खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि लगेच बजेटचा अलर्ट लावा, मगच पुढे हात लावा, कारण फुकट मर्यादेच्या बाहेर गेलं की बिल सुरू होऊ शकतं आणि चालू राहिलेलं मशीन रात्रीही पैसे खातं. आणि अॅक्सेस की (तुमच्या क्लाउड खात्याची गुप्त किल्ली) कधीही, चुकूनसुद्धा, गिटहबवर, म्हणजे गिटचा कोड ऑनलाइन ठेवायच्या जागी, टाकू नका. नंतर फाइल डिलीट केली तरी ती गिटच्या इतिहासात राहते आणि अशा की शोधत फिरणारे बॉट काही मिनिटांत उचलतात. गेलीच तर आधी ती की बंद करा, साफसफाई नंतर.

वही

आता तो पुरावा. एक वही करा, कागदाची नाही तर एखाद्या फाइलमध्ये किंवा खासगी गिट रिपॉझिटरीत. जे जे अडलं आणि सुटलं त्याची नोंद, प्रत्येक नोंदीत तारीख, काय दिसत होतं, मला काय वाटलं, मी काय काय तपासलं, खरं कारण काय निघालं, परत झालं तर पहिल्यांदा काय बघेन.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली एक नोंद जशी आठवते तशी सांगते. फोन आला, "अहो मॅडम, नेट गेलंय, कालपासून काहीच उघडत नाहीये." मी रिमोटने जाऊ शकत नव्हते कारण नेटच नव्हतं, म्हणून त्यांच्या टेबलापाशी गेले आणि डीएनएसची सेटिंग बदलत बसले, जवळजवळ पाऊण तास. मग सीनियर आले, त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "शेजारच्यांचं चालू आहे का?" चालू होतं. "आणि यांचा आयपी काय दाखवतोय?" मी बघितलाच नव्हता. आयपीकॉन्फिग (मशीनचा पत्ता दाखवणारी विंडोजची कमांड) मारलं तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. विंडोज असा पत्ता स्वतःचा स्वतः घेतं, जेव्हा डीएचसीपीकडे मागूनही कोणी उत्तर देत नाही तेव्हा. म्हणजे मशीन नेटवर्कपर्यंत पोचतच नव्हतं, मग डीएनएस बदलून होणार काय? केबल भिंतीवरच्या शेजारच्या पोर्टला लावली, लगेच नीट आयपी मिळाला. आदल्या दिवशी टेबलांची जागा बदलली होती आणि त्या भिंतीवरच्या पोर्टची जोडणी रॅकमध्ये चुकीच्या जागी झाली होती, जिथे डीएचसीपीच पोचत नव्हतं.

त्या दिवशी मी लिहिलं: आधी विचारायचं, एकट्याचं आहे की सगळ्यांचं. मग विचारायचं, आधी चालत होतं का आणि मधे काय बदललं. मग आयपी, मग गेटवेला (बाहेर जायच्या वाटेवरचं पहिलं उपकरण) पिंग, म्हणजे ते उत्तर देतंय का बघणं, मग बाहेरच्या एखाद्या आयपीला पिंग, आणि शेवटी नावाने. आयपीने पिंग जातं पण नावाने जात नाही, तरच डीएनएसवर संशय. या चार ओळींनी पुढे मला किती वेळा तारलं याची मोजदाद नाही, आणि पुढच्या इंटरव्ह्यूत हाच किस्सा सांगितला तेव्हा समोरच्याने पेन खाली ठेवून ऐकलं.

अशा तीस-चाळीस नोंदी झाल्या की तुमच्याकडे अनुभव आहे. पगाराची स्लिप नाही एवढंच.

सर्टिफिकेट घ्यायचं का?

घ्या, पण एक, आणि कुठलं ते जाहिरातींना विचारून. तुम्हाला जिथे काम करायचंय तिथल्या, तुमच्या लेव्हलच्या तीसेक जाहिराती जमवा आणि एका शीटमध्ये कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजा. एक संध्याकाळ जाते पण वर्ष वाचतं. जे वीस वेळा आलंय ते शिका, जे दोनदा आलंय ते सोडा.

साधारण चित्र असं. सपोर्टसाठी कॉम्पटिआचं ए प्लस, त्यात एकाऐवजी दोन परीक्षा असतात हे पैसे भरण्याआधी लक्षात घ्या. नेटवर्कसाठी सिस्कोचं सीसीएनए, २०२० पासून ती एकच परीक्षा आहे. ही दोन्ही तीन वर्षं टिकतात, मग नूतनीकरण. मायक्रोसॉफ्टची असोसिएट लेव्हलची एकाच वर्षासाठी असतात पण नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट होतं. रेड हॅटची लिनक्सवरची आरएचसीएसए परीक्षा मला फार आवडते, कारण त्यात पर्याय निवडायचे प्रश्न नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं. डेव्हलपमेंटला जाणार असाल तर सर्टिफिकेटपेक्षा स्वतः केलेले दोन पूर्ण प्रोजेक्ट जास्त बोलतात.

डम्प्स, म्हणजे चोरलेले प्रश्न पाठ करून पास होणं, यापासून लांब राहा. पकडले गेलात तर सर्टिफिकेट रद्द होतं ते वेगळंच, पण नाही पकडले गेलात तरी इंटरव्ह्यूत तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. मी बघितलंय, सीसीएनए लिहिलेलं असतं आणि सबनेट मास्क कशासाठी असतो ते सांगता येत नाही. समोरचा माणूस वाईट वाटून घेतो, पण पुढे सरकतो.

आणि तीन-तीन, चार-चार सर्टिफिकेटं गोळा करत नोकरीला अर्जच न करणं हेही एक दुखणं आहे. "अजून तयारी झाली नाही" असं वाटतच राहणार. पाया झाला, लॅब चालली, वहीत वीस नोंदी झाल्या की अर्ज सुरू करा, सर्टिफिकेटचा अभ्यास बाजूने चालू दे.

रेझ्युमे आणि अर्ज

रेझ्युमे एक पान. फोटो, छंद, "मेहनती आणि प्रामाणिक" हे काढून टाका, त्या जागी काम येऊ दे. लोक लिहितात: "विंडोज सर्व्हर व नेटवर्किंगचे ज्ञान." याने काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "घरच्या लॅबमध्ये विंडोज सर्व्हरवर डोमेन उभं केलं, १० युजर आणि २ ग्रुप, फोल्डरच्या परवानग्या ग्रुपप्रमाणे, डीएनएस बंद पडल्यावर लॉगिन का अडतं ते शोधून नोंद केली." हीच माहिती, पण आता समोरच्याला प्रश्न विचारायला जागा मिळाली, आणि तो तुमच्या घरच्या मैदानावर खेळायला आला.

आधी दुसऱ्या क्षेत्रात काम केलं असेल तर ते लपवू नका. दुकानात, कॉल सेंटरमध्ये, रिसेप्शनला, शिकवणीत, जिथे चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलावं लागतं ते सगळं सपोर्टमध्ये सोन्यासारखं आहे. टेक्निकल गोष्ट शिकवता येते, चिडलेल्या माणसाचं ऐकून घेणं शिकवायला फार वेळ लागतो.

खोटा अनुभव मात्र लावू नका, कितीही जणांनी "सगळेच लावतात" असं सांगितलं तरी. बॅकग्राउंड तपासणीत सापडलं तर मिळालेली नोकरी जाते, आणि सापडलं नाही तर तीन वर्षांच्या माणसाकडून असतात त्या अपेक्षा पहिल्या दिवसापासून तुमच्यावर येतात, त्यात माणूस पिचून जातो. तसंच नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारा, "ट्रेनिंग डिपॉझिट", "लॅपटॉपची अनामत" वगैरे, तो कितीही गोड बोलो, तिथून निघायचं. पगार कंपनी तुम्हाला देते, तुम्ही कंपनीला नाही.

जाहिरातीतल्या दहा मागण्यांपैकी सहा जमत असतील तर अर्ज करा. एक वर्ष अनुभव लिहिलंय म्हणून थांबू नका, पाच लिहिलंय तर सोडा. मोठ्या कंपन्यांच्या मागे सगळेच असतात, त्यासोबत छोट्या ठिकाणी बघा: शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, सामाजिक संस्था, आणि दुसऱ्या छोट्या कंपन्यांचं आयटी सांभाळणारे सर्व्हिस प्रोव्हायडर. या शेवटच्या प्रकारात धावपळ खूप असते पण एका वर्षात दहा वेगवेगळ्या नेटवर्कना हात लागतो. आणि तुम्ही आत्ता जिथे नोकरी करताय तिथे आयटीचा विभाग असेल तर त्यांच्याशी बोला, आतल्या आत सरकणं बाहेरून येण्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं.

ओळखीच्यांना मेसेज करताना "जॉब असेल तर सांगा" असं नको. त्यावर माणूस "हो बघतो" म्हणतो आणि विसरतो. असं लिहून बघा: "तुम्ही नेटवर्कमध्ये काम करता असं कळलं. मी सहा महिने लॅबमध्ये शिकतोय, परवा व्हीलॅन दोन स्विचमध्ये जोडताना ट्रंकवर अडकलो होतो, सुटलं. तुमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या वर्षी काय येणं अपेक्षित असतं? पंधरा मिनिटं बोलता आलं तर फार मदत होईल." बरेच लोक वेळ देतात, आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं की बरं वाटतं. रेफरल तिथूनच येतो, मागावा लागत नाही.

कुठे, कधी, काय पाठवलं याचीही शीट ठेवा. पन्नास अर्ज करून एकही फोन नाही आला तर रेझ्युमे बदला. फोन येतायत पण पुढे जात नाही तर बोलण्याची तयारी करा. आकडे समोर असले की स्वतःलाच दोष देत बसायची वेळ येत नाही.

इंटरव्ह्यू

फ्रेशरला सगळं यावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. "युजर म्हणतो कॉम्प्युटर स्लो आहे, काय कराल?" अशा प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नका, आधी प्रश्न विचारा: कधीपासून, सगळंच स्लो की एकच प्रोग्रॅम, नवीन काही टाकलंय का. मग टास्क मॅनेजर, डिस्क किती भरलीय, असं मोठ्याने विचार करत जा. आम्ही ऐकत असतो तो क्रम.

येत नसेल तर "हे मी केलेलं नाही, पण असं आलं तर मी आधी हे बघेन" एवढं म्हणा. फेकाफेक केली की पुढच्या सगळ्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास जातो. शेवटी तुम्हीही विचारा: पहिल्या तीन महिन्यांत मला काय काम असेल, शिफ्ट कशा असतात, अडलं तर कोणाला विचारायचं? शेवटच्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर जरा सावध.

पहिली नोकरी लागल्यावर

पहिले तीन महिने फक्त विश्वास कमवायचा. तिकीट (युजरची नोंदवलेली तक्रार) घेतलं की त्यात लिहा, सुटलं नसेल तरी युजरला सांगा की मी बघतेय, अजून वेळ लागेल. युजर उशिराला चिडत नाही तेवढा गप्प बसण्याला चिडतो. अडलात तर अर्धा तास स्वतः झगडा, मग विचारा, पण विचारताना काय काय करून बघितलं ते आधी सांगा. एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची वेळ आली तर समजा वहीत नोंद राहिली.

चूक होणार. माझ्या हातून एकदा चुकीचा सर्व्हर रिस्टार्ट झाला, दोन रिमोट खिडक्या उघड्या होत्या, नावात एका आकड्याचा फरक, आणि मी टेस्टऐवजी चालू सर्व्हरवर होते. पंधरा-वीस जणांचं काम थांबलं. हात थरथरत होते, पण लगेच उठून टीम लीडला सांगितलं, "सर, माझ्याकडून हा रिस्टार्ट झालाय," आणि दहा मिनिटांत सगळं परत वर आलं. लपवलं असतं तर तेच लोक दोन तास कारण शोधत बसले असते. तेव्हापासून रिस्टार्टच्या आधी होस्टनेम कमांड मारून मशीनचं नाव वाचते, मोठ्याने. तुम्हीही लावून घ्या ही सवय, आणि कशालाही हात लावण्याआधी बॅकअप आहे का आणि तो कधी परत आणून बघितलाय का, हे विचारायची दुसरी.

एआयच्या टूलबद्दल सगळे विचारतात. एरर समजून घ्यायला, स्क्रिप्टची सुरुवात करायला जरूर वापरा, पण जी कमांड ओळीओळीने समजली नाही ती चालू सर्व्हरवर मारू नका, आणि कंपनीचे लॉग, पासवर्ड, ग्राहकांची माहिती त्यात चिकटवू नका. कंपनीचा नियम काय आहे तो आधी विचारा.

सहाएक महिन्यांनी तुमची तिकिटं चाळा. कुठली पाच प्रकारची परत परत येतात? त्यातलं एक स्क्रिप्टने किंवा एका चांगल्या माहितीपानाने कमी करून दाखवा, आधी आठवड्याला किती यायची आणि नंतर किती, आकडा लिहून. पासवर्ड रिसेट आणि लॉक झालेली अकाउंट हे बहुतेक ठिकाणी हाताशी असतंच. मग एल टूच्या (सपोर्टच्या पुढच्या पातळीच्या) माणसाला म्हणा, तुमच्याकडे पाठवलेलं तिकीट तुम्ही सोडवताना मला बघू द्या. पुढची पायरी तिथून सुरू होते, प्रमोशनच्या मेलने नाही.

बारा ते अठरा महिन्यांनी स्वतःला विचारा, गेल्या तीन महिन्यांत वहीत काही नवीन आलं का? येत असेल तर पगार थोडा कमी असला तरी अजून थांबायला हरकत नाही. येत नसेल तर आधी आत विचारा, सर्व्हर किंवा नेटवर्कच्या टीममध्ये जागा आहे का, नसेल तर बाहेर बघा. तीन महिन्यांत सोडून पळू नका, आणि चार वर्षं त्याच पासवर्ड रिसेटवर बसूनही राहू नका.

सोडताना नोटीस पिरियड पूर्ण करा, तुमच्या डोक्यात असलेलं सगळं तुमच्या जागी येणाऱ्या माणसासाठी लिहून द्या. वही बरोबर न्या, पण आधी ती एकदा बसून चाळा आणि कंपनीचे आयपी, सर्व्हरची नावं, युजरची नावं, पासवर्ड असं काहीही राहिलं असेल तर काढून टाका. नोंदीत फक्त काय दिसलं, कसं शोधलं आणि कारण काय निघालं एवढंच उरलं पाहिजे.